बाराव्या वर्षीची दाढ

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव नावाचे गाव आहे. दख्खन महाविद्यालयाच्या संशोधकांनी तेथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातील माणसांची दफने सापडली. ही माणसे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. त्यांच्या शरीराचे मऊ भाग केव्हाच मातीत मिसळून गेले होते. दात मात्र उरले होते आणि ते तपासून त्यांच्या आहाराविषयी व आरोग्याविषयी अभ्यासकांना अनुमाने काढता आली. मानवाच्या व इतर प्राण्यांच्या प्राचीन अवशेषांमध्ये दातच मोठ्या संख्येने सापडतात, कारण शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ दातांवर असतो.

आता आठवीच्या एखाद्या वर्गात जाऊन मुलांना 'आ' करायला सांगा. बाराव्या-तेराव्या वर्षी उगवलेल्या दाढेवर काही जणांना काळे ठिपके दिसतील, तर एखाद्याच्या दाढेत चक्क खड्डा असेल. मातीत तीन हजार वर्षे टिकणारी वस्तू जिवंत माणसाच्या तोंडात दोन-तीन वर्षेही का टिकू नये? या एका प्रश्नाच्या उत्तरात रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि रोजच्या सवयी अशा तिन्ही गोष्टी येतात.

हा प्रश्न थोड्या मुलांपुरता नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर मुखस्वास्थ्याचे सर्वेक्षण केले. त्यात बारा वर्षांच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ५४ जणांचे आणि पंधरा वर्षांच्या दर १०० पैकी सुमारे ६३ जणांचे दात किडलेले आढळले. हिरड्यांचे विकार बाराव्या वर्षी १०० पैकी सुमारे ५७ आणि पंधराव्या वर्षी सुमारे ६८ जणांना होते. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुले या ना त्या प्रकारे दातांचे रुग्ण असतात. दातदुखीमुळे झोप होत नाही, नीट चावता येत नाही, अभ्यासात लक्ष लागत नाही. आणि या वयातले दात कायमचे असतात. ते गेले तर तिसरा संच निसर्गाने ठेवलेला नाही.

दाताची रचना

दाताच्या दिसणाऱ्या भागावर एनॅमलचे, म्हणजेच दंतवल्काचे कवच असते. त्याच्या वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. हायड्रॉक्सिॲपेटाइट हे त्या खनिजाचे नाव. कॅल्शियम, फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांचे ते संयुग आहे. दाढेच्या उंचवट्यांवर हे कवच सुमारे अडीच मिलीमीटर जाड असते आणि हिरडीकडे ते पातळ होत जाते.

कवचाच्या आत दंतिन असते. त्यात खनिजाचे प्रमाण सुमारे ७० टक्के, म्हणजे ते कवचापेक्षा मऊ. त्यातून अतिसूक्ष्म नलिका आरपार गेलेल्या असतात. दंतिनाच्या आत पोकळी असते आणि तिच्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गर असतो. दाताचा जिवंतपणा या गरामुळे असतो.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवायला हवी. हाड मोडले तर सांधते, कातडी कापली तर भरून येते, पण एनॅमल तयार करणाऱ्या पेशी दात उगवता उगवताच नाहीशा होतात. त्यामुळे एनॅमलला एकदा खड्डा पडला की शरीर तो पुन्हा बांधून काढू शकत नाही.

'कीड' म्हणजे काय?

मराठीत आपण दाताला कीड लागली असे म्हणतो. धान्याला किंवा लाकडाला लागते तशी. शब्दामुळे दातात एखादा किडा बसलेला असावा असे मुलांना वाटते. काही मोठ्यांनाही वाटते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढण्याचा उपाय आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ही समजूत केवळ आपलीच नाही. प्राचीन बॅबिलोनियातही दात पोखरणाऱ्या किड्याची कथा होती. १७२८ मध्ये पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला असा किडा कधी दिसला नाही, असे स्पष्टपणे नोंदवले.

किडा नव्हता, पण दातांवर सजीव होते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांच्या फटीतील पांढरा साका आपल्या भिंगाखाली पाहिला. त्यात हालचाल करणारे असंख्य सूक्ष्म जीव दिसल्याचे त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. त्या जीवांचा दाताच्या किडण्याशी असलेला संबंध उलगडायला मात्र आणखी दोनशे वर्षे लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य मिलर यांनी काढलेले दात लाळ आणि पाव यांच्या मिश्रणात उबदार जागी ठेवले. दातांतील खनिज विरघळू लागले. पावाऐवजी मांस किंवा चरबी घातली तर तसे होत नव्हते. लाळ आधी उकळून घेतली तरीही होत नव्हते. याचा अर्थ उघड होता. लाळेतील काही जिवंत घटक पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताला झिजवते. मिलर यांचा यावरील ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला.

१९२४ मध्ये क्लार्क यांनी लंडनमध्ये किडलेल्या दातांमधून 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' हा जीवाणू वेगळा केला. १९५४ मध्ये अमेरिकेतील ऑरलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर असलेला आहार दिला. त्यांचे दात किडले नाहीत. तोच आहार घेणाऱ्या साध्या उंदरांचे दात किडले. केवळ साखर दात किडवत नाही आणि केवळ जीवाणूही किडवत नाहीत, दोघांची गाठ पडावी लागते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

आज असे मानले जाते की एकच जीवाणू सर्वस्वी दोषी नाही. तोंडात जीवाणूंचे सातशेच्या आसपास प्रकार आढळतात आणि एरवी ते एकमेकांना धरून राहतात. वरचेवर साखर मिळू लागली की आम्ल तयार करणाऱ्या आणि आम्लात तग धरणाऱ्या जातींची संख्या वाढते व बाकीच्या मागे पडतात. शेतात एकाच प्रकारचे खत पडत राहिले तर ठरावीक तणच माजावे, तसा हा प्रकार आहे.

साखर, आम्ल आणि वेळ

दात स्वच्छ घासले तरी काही तासांतच त्यांच्यावर जीवाणूंचा पातळ, चिकट, जवळजवळ रंगहीन थर जमू लागतो. याला प्लाक म्हणतात. नखाने खरवडल्यास जो मऊ पांढरट पदार्थ निघतो तो हाच. उसाच्या साखरेपासून म्यूटन्ससारखे जीवाणू एक डिंकासारखा पदार्थ बनवतात आणि त्याच्या साहाय्याने दाताला घट्ट चिकटून बसतात. नुसत्या चुळीने हा थर निघत नाही, तो घासूनच काढावा लागतो.

आम्लता सामूमध्ये, म्हणजेच पीएचमध्ये मोजतात. उदासीन पाण्याचा सामू ७ असतो. अंक कमी होईल तशी आम्लता वाढते आणि एका अंकाने घट म्हणजे दहापट आम्लता. १९४० च्या दशकात स्टीफन या अमेरिकन संशोधकांनी माणसांना ग्लुकोजच्या द्रावणाने चूळ भरायला लावून प्लाकचा सामू वेळोवेळी मोजला. काही मिनिटांतच तो ७ च्या आसपासवरून झपाट्याने घसरला आणि पूर्वस्थितीवर यायला त्याला अर्धा ते एक तास लागला. एनॅमलच्या दृष्टीने ५.५ हा सामू महत्त्वाचा. त्याच्या खाली गेल्यावर एनॅमलमधील खनिज विरघळू लागते. आम्लातील हायड्रोजन आयन फॉस्फेट आणि हायड्रॉक्सिल यांना ओढून घेतात, लाळेत त्यांचा तुटवडा पडतो आणि तो भरून काढण्यासाठी स्फटिकातून कॅल्शियम व फॉस्फेट बाहेर येतात. रासायनिक समतोल शिकवताना अकरावीच्या शिक्षकांना याहून घरगुती उदाहरण मिळणार नाही.

सुदैवाने ही क्रिया उलटही फिरते. लाळ दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होते. तिच्यातील बायकार्बोनेट आम्लाला उदासीन करते आणि तिच्यात विरघळलेले कॅल्शियम व फॉस्फेट पुन्हा स्फटिकांत जाऊन बसतात. प्रत्येक खाण्यानंतर दाताचे थोडे खनिज जाते आणि नंतरच्या काळात बरेचसे परत येते. दात किडणे म्हणजे या जमाखर्चात रोज तूट येत राहणे.

एक साधे गणित करून पाहू. गोड खाल्ल्यावर सामू अर्धा तास धोक्याच्या पातळीखाली राहतो असे धरू. एका मुलाने जेवणानंतर लगेच चार लिमलेटच्या गोळ्या संपवल्या, तर आम्लाचा हल्ला जेमतेम अर्धा-पाऊण तासाचा. दुसऱ्याने त्याच चार गोळ्या खिशात ठेवून मधल्या सुट्टीत एक, दुपारी एक, शाळा सुटल्यावर एक आणि संध्याकाळी एक अशा चघळल्या, तर दोन तास. दोघांच्या पोटात साखर सारखीच गेली, पण दुसऱ्याच्या दातांनी चौपट मार सोसला. त्यात सकाळचा चहा-बिस्किटे, संध्याकाळचा चहा आणि रात्री झोपताना साखर घातलेले दूध मिळवा. झोपेत लाळ फार कमी सुटते, म्हणून झोपण्यापूर्वीचे गोड सर्वांत महाग पडते.

साखर किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली, हे अधिक महत्त्वाचे. स्वीडनमधील विपेहोल्म येथे १९४५ ते १९५३ या काळात झालेल्या अभ्यासात हे प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसले. जेवणाबरोबर साखर घेणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत, पण दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे झपाट्याने किडले. हा अभ्यास मानसिकदृष्ट्या अपंग रुग्णांवर त्यांच्या संमतीशिवाय, त्यांचे दात जाणूनबुजून किडवून केलेला होता. त्याचे निष्कर्ष आपण वापरतो, पण विज्ञानाच्या इतिहासात तो लाजिरवाणा प्रयोग म्हणूनच नोंदला गेला आहे. वरच्या वर्गात यावर चर्चा जरूर घडवावी.

गुळाविषयी एक गैरसमज आहे. गूळ नैसर्गिक म्हणून दातांना चालतो असे नाही. त्यात बहुतांश उसाचीच साखर असते आणि चिक्कीच्या रूपात तो दाढेच्या खाचांत रुतून बसतो. बिस्किटे, खारी, वेफर्स यांचा पिठूळ लगदाही दाढेत अडकतो आणि त्यातील पिष्टापासून तोंडातच साखर तयार होते. बाटलीतील कोला पेयांमध्ये तर दुहेरी गैरसोय आहे. ३०० मिलीलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमहून अधिक साखर असते, शिवाय पेयाचा स्वतःचा सामू अडीचच्या आसपास असतो. तीस ग्रॅम म्हणजे सुमारे सहा चहाचे चमचे.

पांढरा डाग ते ठणका

किडण्याची पहिली खूण काळी नसते, पांढरी असते. हिरडीलगत किंवा खाचेच्या कडेला खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. त्या जागी पृष्ठभागाखालचे खनिज कमी झालेले असते, पण पृष्ठभाग शाबूत असतो. या टप्प्यावर सवयी बदलल्या आणि फ्लोराइड मिळाले, तर डाग पुढे सरकण्याचे थांबते आणि काही प्रमाणात भरूनही येतो. हीच वेळ साधायची असते. दुर्दैवाने या वेळी काहीच दुखत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही.

पृष्ठभाग खचून खड्डा पडला की त्यात अन्न साठते आणि ब्रश तेथे पोचत नाही. एनॅमल ओलांडून कीड दंतिनात शिरली की ती आत पसरते. बाहेर छोटेसे छिद्र आणि आत मोठी पोकळी, असे चित्र दिसते. दंतिनातील नलिकांमधून थंड आणि गोड यांची संवेदना आतल्या गरापर्यंत पोचते आणि दात शिवशिवू लागतो. पुढे जीवाणू गरात पोचतात. शरीरात इतरत्र दाह झाला तर सुजेला जागा मिळते. येथे गर चहूबाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेला असतो, म्हणून दाब वाढतो आणि ठणका लागतो. काही दिवसांनी ठणका आपोआप थांबला तर बरे झाले असे समजू नये. बऱ्याचदा गर मेलेला असतो आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकत असतो. लवंगेच्या तेलाने दुखणे तात्पुरते कमी होते, संसर्ग थांबत नाही. दुखऱ्या दाताशेजारी हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवण्याने तर हिरडी भाजते.

याच वयात का?

पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षी येते. ती दुधाच्या दातांच्या मागे येते, एकही दात न पडता. त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. दुसरी दाढ बारा-तेराव्या वर्षी येते. ती हिरडीतून डोके काढून पूर्ण उंचीवर यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ घेते. तोपर्यंत ती शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, अर्धवट हिरडीने झाकलेली असते आणि ब्रश तिच्या डोक्यावरून सरकून जातो. नव्याने उगवलेले एनॅमल पक्के झालेले नसते. लाळेतील खनिजे शोषून ते पुढील दोन-तीन वर्षांत टणक होते. दाढेच्या माथ्यावरील खाचा इतक्या अरुंद असू शकतात की ब्रशचा एक केसही त्यांत शिरत नाही.

नेमक्या याच काळात मुलांचे दात घासून घेण्याचे आईवडिलांनी सोडलेले असते, हातात खाऊचे पैसे आलेले असतात, क्लास आणि शाळा यांमुळे खाण्याच्या वेळा विस्कटलेल्या असतात. कच्ची दाढ आणि सैल सवयी एकाच वेळी एकत्र येतात. म्हणून आठवी-नववी हे वर्ग महत्त्वाचे.

हिरड्यांची गोष्ट

१९६५ मध्ये डेन्मार्कमधील आरहुस येथे ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्या असलेल्या बारा जणांना दात घासणे पूर्ण बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या लाल झाल्या व सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर आठवड्याभरात त्या पूर्ववत होऊ लागल्या. हिरड्यांचा दाह प्लाकमुळे होतो आणि तो पूर्ण बरा होऊ शकतो, या दोन्ही गोष्टी एकाच प्रयोगात सिद्ध झाल्या.

निरोगी हिरडी फिक्या गुलाबी रंगाची आणि घट्ट असते, घासताना तिच्यातून रक्त येत नाही. दाह झालेली हिरडी लालसर, फुगीर आणि चटकन रक्त येणारी असते. अनेक मुले रक्त आले म्हणून त्या जागी घासणे सोडून देतात. परिणाम उलटा होतो. प्लाक वाढतो आणि रक्तही वाढते. त्या जागी मऊ ब्रशने अधिक काळजीपूर्वक घासणे, हाच तेथे उपाय आहे. आठ-दहा दिवस नीट घासूनही रक्त थांबले नाही, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. वयात येताना शरीरातील संप्रेरकांच्या बदलामुळे थोड्याशा प्लाकनेही हिरड्या जास्त सुजतात. मुलींमध्ये पाळीच्या आधी काही दिवस हे विशेष जाणवते. दात वाकडेतिकडे असतील किंवा त्यांना तारा लावल्या असतील, तर प्लाक साठायला जागा आणखी वाढतात.

प्लाक तसाच राहिला तर लाळेतील कॅल्शियम त्यात साचून तो दगडासारखा होतो. हेच किटण. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडील बाजूला ते जास्त दिसते, कारण लाळग्रंथींच्या नलिका तेथेच उघडतात. किटण ब्रशने निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. त्याने दात सैल होतात ही समजूत चुकीची आहे. किटण खूप असेल तर दात त्याच्याच आधाराने उभे असल्यासारखे दिसतात आणि ते काढल्यावर आधीपासूनचा सैलपणा लक्षात येतो, एवढेच.

दाह वर्षानुवर्षे चालला तर दात धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागते. ही झीज भरून येत नाही. बहुतेकांत ती पुढे मोठेपणी दिसते, पण थोड्या मुलांमध्ये किशोरवयातच पहिल्या दाढा व पटाशीचे दात यांच्याभोवतीचे हाड वेगाने झिजते. बाहेरून हिरडी फारशी वाईट दिसत नसतानाही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाचा कायमचा दात हलत असेल, तर थांबू नये.

फ्लोराइड : किती आणि कोठे

एनॅमलच्या स्फटिकात हायड्रॉक्सिलच्या जागी फ्लोराइड बसले तर ते आम्लाला अधिक दाद देत नाही. ते विरघळायला सामू साडेचारच्या आसपास खाली जावा लागतो. म्हणून फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट उपयोगी ठरते. तीत सुमारे १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग फ्लोराइड असते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. घासून झाल्यावर थुंकून टाकावे, फार चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते.

याची दुसरी बाजूही आहे. जबड्यात दात तयार होत असताना, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, पिण्याच्या पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले, तर एनॅमल सदोष बनते. दातांवर पांढरे, पिवळे किंवा तपकिरी पट्टे दिसतात. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यामुळे हे घडले आहे. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरी सोय नसेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे भारतीय मानक आहे. अशा गावातील मुलाचे दात तपकिरी दिसले म्हणून 'दात घासत जा' असे त्याला चारचौघांत बोलणे अन्यायाचे आहे. ते डाग घासून जात नाहीत. अनेक मुलांचे दात तसे असतील तर गावच्या पाण्याची तपासणी करून घेण्यासाठी शाळेने ग्रामपंचायतीकडे आग्रह धरावा.

मिश्री आणि सुपारी

दात स्वच्छ करण्यासाठी म्हणून अनेक घरांत मिश्री लावली जाते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, निकोटिनची सवय मात्र लागते. टूथपेस्ट व दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ पासून देशात बंदी आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावरही बंदी आहे, तरी पुड्या मुलांच्या हाती पडतात. सुपारी चघळण्याने तोंडाच्या आतील त्वचा ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. त्यातून पुढे कर्करोगही संभवतो. स्वतःची तीन बोटे उभी धरून ती पुढच्या दातांमधून आत जात नसतील, तर त्या मुलाला तातडीने दाखवावे. राखुंडी, विटेची पूड यांनी एनॅमल खरवडले जाते. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून कुंचल्यासारखी केली तर बाहेरून प्लाक काढू शकते, पण दाढांची आतली बाजू तिच्याने नीट साफ होत नाही.

वर्गात करण्याजोगे

पहिला प्रयोग आम्लाचा. पडलेला दुधाचा दात किंवा कोंबडीचे स्वच्छ केलेले हाड व्हिनेगरमध्ये आणि तसेच दुसरे साध्या पाण्यात ठेवावे. व्हिनेगर रोज बदलावे. काही दिवसांत दात निस्तेज व खडबडीत होतो, हाड वाकू लागते. अंड्याच्या कवचावर बुडबुडे लगेच दिसतात, पण ते कार्बोनेटचे असते, दात फॉस्फेटचा, हा फरक मुलांना सांगावा. कोला पेयात दात रात्रभरात विरघळतो ही गोष्ट सर्वत्र ऐकू येते. ती मुलांनीच तपासून पाहावी. तसे होत नाही. खऱ्या धोक्यासाठी खोट्या दाखल्याची गरज नसते.

दुसरा प्रयोग प्लाक पाहण्याचा. अन्नात वापरण्यास परवानगी असलेल्या लाल रंगाचे काही थेंब पाण्यात टाकून अर्धा मिनिट खळखळून थुंकावे, मग साध्या पाण्याने एक चूळ भरावी. जेथे प्लाक आहे तेथे रंग राहतो. प्रत्येकाने आपापल्या आरशात पाहावे, दुसऱ्याच्या तोंडाकडे बोट दाखवू नये. घासूनही रंग कोठे राहतो हे बहुतेकांना पहिल्यांदाच कळते. तो दाढांच्या आतल्या बाजूला आणि हिरडीच्या कडेला राहतो. ब्रश हिरडीकडे तिरका धरून, लहान लहान हालचालींनी, एकूण दोन मिनिटे घासायचे असते. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा. दोन्हीपैकी रात्रीचे कधीही चुकवू नये.

तिसरा उपक्रम नोंदींचा. प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर, आपण दिवसातून किती वेळा गोड किंवा पिठूळ खाल्ले, ते नाव न घालता कागदावर लिहावे. प्रत्येक वेळेचा अर्धा तास धरून वर्गाची सरासरी काढावी, आलेख काढावा. गोड बंद करा असे सांगण्याऐवजी ते जेवणाबरोबर खा, मधल्या वेळी पेरू, शेंगदाणे, फुटाणे, काकडी खा आणि काही खाल्ल्यावर चूळ भरा, असे सांगितले तर ते पाळले जाण्याची शक्यता अधिक.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झाला. त्याखाली सरकारी व अनुदानित शाळांतील अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि तिच्यात दातांचाही समावेश आहे. तपासणी पथक येण्यापूर्वी दुखणारे दात, हलणारे दात आणि रक्त येणाऱ्या हिरड्या असलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकाकडे तयार असेल, तर गर्दीत कोणी निसटत नाही. नव्या दाढेच्या खोल खाचा किडण्यापूर्वीच सीलंटने बुजवून घेता येतात. त्यासाठी दात कोरावा लागत नाही आणि दुखतही नाही. पालकसभेत हे आवर्जून सांगावे, कारण दात दुखल्याशिवाय डॉक्टरकडे जायचे नसते अशीच बहुतेकांची समजूत आहे.

बाराव्या वर्षी उगवलेल्या दाढेने पुढे पन्नास-साठ वर्षे भाकरी चावायची असते. ती तेवढी टिकेल की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरते. ती वर्षे आठवी ते दहावीची आहेत, आणि त्या काळात मूल रोज पाच-सहा तास आपल्यासमोर बसलेले असते.